पंचांगातून धर्मांची ओळख : कन्नौदच्या प्राथमिक वर्गातील अनुभव

प्राथमिक शाळेत जगातील धर्मांचा परिचय करून देताना धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांतील भेद आधी लक्षात घ्यावा लागतो. पहिल्यात विद्यार्थ्यावर एका धर्माची श्रद्धा व आचार यांचा संस्कार केला जातो. दुसऱ्यात निरनिराळे लोक काय मानतात आणि त्यानुसार कसे वागतात, एवढेच समजावून दिले जाते. संपूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शाळेत पहिल्या प्रकाराला संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाने मनाई आहे; दुसऱ्याची शिफारस मात्र कोठारी आयोगाने (१९६४–६६) केली, आणि २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांचा अभ्यास संविधानाच्या विरोधात जात नाही असा निर्वाळा दिला.

देवास जिल्ह्यातील कन्नौद हे इंदूर–बैतूल महामार्गावरचे तहसिलीचे ठिकाण असून तेथील एका प्राथमिक वर्गात हिंदू, मुसलमान, जैन, तसेच कोरकू व गोंड या आदिवासी समाजांतील मुले एकत्र बसत असत. प्रस्तुत लेखिकेने तेथे हा विषय शिकवताना संस्थापक, धर्मग्रंथ आणि प्रार्थनास्थळ अशा रकान्यांचा नेहमीचा तक्ता बाजूला ठेवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून सुरुवात केली. दहा वर्षांच्या मुलाला अवतार किंवा निर्वाण यांसारख्या कल्पना दूरच्या वाटतात. पण शेजारच्या घरातला सण गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात आला होता, हे त्याच्या पक्के ध्यानात असते.

हिजरी वर्ष, म्हणजे केवळ चंद्राच्या गतीवर मोजले जाणारे इस्लामी वर्ष, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. हिंदू पंचांगातील महिनेही चांद्रच, परंतु त्यांत १९ वर्षांत ७ अधिक मास धरले जात असल्यामुळे दिवाळी पावसाळ्यात जात नाही. ज्यू पंचांगात हाच ७ आणि १९ चा हिशेब आढळतो, आणि कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले बेने इस्रायल मराठी बोलणारे ज्यूच होत, हे सांगताच दूरचा धर्म जवळ येतो. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला, तर ईस्टर वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. म्हणजे ख्रिस्ती सणांतही चंद्र आहेच. ही आकडेमोड मुलांनी स्वतः पाटीवर केली, तेव्हा कोणाचा धर्म श्रेष्ठ हा प्रश्न वर्गात उपस्थितच झाला नाही. रोजा, एकादशी आणि पर्युषण यांची तुलनाही अशीच साधली. रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही वर्ज्य असते आणि जैन उपवासात उकळलेले पाणी दिवसाउजेडीच घेतले जाते, हे त्या त्या घरातील मुलांनीच सांगितले.

शिक्षकाच्या वाक्यरचनेकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. कुराण ईश्वराची वाणी आहे किंवा नाही, असे वर्गात म्हणायचे नसते. मुसलमान ते ईश्वराची वाणी मानतात, असे म्हणायचे असते, आणि हाच नियम शिक्षकाने स्वतःच्या धर्मालाही न चुकता लावला पाहिजे, कारण मुलांचे सर्वाधिक लक्ष तेथेच असते.

नेहमीच्या तक्त्याचा खरा दोष आदिवासी मुलांच्या बाबतीत दिसतो. मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी फलक उभारणाऱ्या कोरकूंच्या परंपरेला लिखित ग्रंथ नाही आणि संस्थापकही नाही, म्हणून तक्त्यात तिला जागाच उरत नाही. जगातील धर्म शिकताना वर्गातलाच एक विद्यार्थी वगळला जातो, आणि हा अन्याय किरकोळ नव्हे. माळव्यात गावोगावी गायल्या जाणाऱ्या आणि देवासला राहून कुमार गंधर्वांनी मैफलीत नेलेल्या कबीराच्या निर्गुणी भजनांना तरी कोणत्या रकान्यात बसवणार?

या विषयाची लेखी परीक्षा प्राथमिक स्तरावर घेऊ नये. घेतली की तोच तक्ता पुन्हा पाठांतरासाठी वर्गात येतो.