लेडीच्या घरट्यापर्यंत

२०१० च्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक नवाच नेम सुरू झाला. सकाळची पूजा आटोपली, चहा झाला, की मी संगणकासमोर खुर्ची ओढून बसत असे. शेजारच्या अक्का दारातूनच विचारायच्या, "काय म्हणते तुमची लेडी?" मीही तेवढ्याच गंभीरपणे सांगायची, "बरी आहे. रात्रभर पाऊस होता, पण जागची हलली नाही."

ही लेडी आमच्या नात्यातली कोणी नव्हती. ती होती एक मासेमार घार. इंग्रजीत तिला ऑस्प्रे म्हणतात. स्कॉटलंडमध्ये डंकेल्ड नावाच्या गावाजवळ 'लॉख ऑफ द लोज' हे तळे आहे. लॉख म्हणजे तिकडच्या भाषेत तळे. त्याच्या काठी पाइनच्या उंच झाडाच्या शेंड्यावर तिचे घरटे होते. तळे सांभाळणाऱ्या स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्टने घरट्यावर कॅमेरा बसवला होता आणि त्याचे चित्र इंटरनेटवरून जगात कुठेही दिसे. आदल्या वर्षी शिकायला एडिंबराला गेलेल्या आमच्या लेकीने त्याचा पत्ता पाठवला होता. सोबत लिहिले होते, "आई, दिवसभर माझी काळजी करण्यापेक्षा हिच्याकडे बघ."

पहिल्या दिवशी मला काड्यांचा ढीग आणि त्यात बसलेला एक तपकिरी पक्षी एवढेच दिसले. डोके पांढरे, डोळ्यावरून मानेपर्यंत गडद पट्टा, पिवळे डोळे. तासभर काहीच घडले नाही. मी उठणार तोच नर आला. पायात मासा, तोही डोके पुढे करून धरलेला, म्हणजे उडताना वारा कमी लागतो. मासा ठेवून तो अंड्यांवर बसला आणि ती मासा घेऊन बाजूला गेली. पाळी बदलली! मी यांना हाक मारली. "बघा हो, शिका काही." हे पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "आधी मला त्याच्यासारखे उडता येऊ दे."

हळूहळू घरट्याची रीत कळत गेली. साधारण एप्रिलच्या मध्याला दोन-तीन अंडी घातली जातात, बदामी रंगावर तांबूस-तपकिरी डागांची. सुमारे ३७ दिवस ती उबवायची. बहुतेक वेळ मादी बसते आणि घराला मासे पुरवण्याचे काम नराचे. पिल्ले एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. एक-दोन दिवसांच्या अंतराने येतात, त्यामुळे थोरले धाकट्यापेक्षा अंगाने मोठे असते आणि मासा कमी आला की आधी त्याचेच पोट भरते. मादी मासा फाडून नखाएवढे तुकडे करते आणि मान तिरकी करून पिल्लाच्या चोचीत देते. एवढी अणकुचीदार चोच, पण हात किती हलका! आमच्या अज्जीचा दुधात कालवलेला मऊ भात भरवतानाचा हात आठवला.

लेडी त्या तळ्यावर १९९१ पासून येत होती. या जातीचे पक्षी साधारण आठ-दहा वर्षे जगतात असे सांगतात. ती तर जवळजवळ वीस वर्षे येत होती. तिच्या पायात ओळखीचे कडे नव्हते, त्यामुळे खरे वय कुणालाच सांगता येत नसे.

आणि मग जून उजाडला. इकडे बेळगावात मृगाचा पाऊस लागला होता. एका सकाळी पाहते तर लेडी घरट्यात लवंडलेली. मान खाली, पंख सैल, डोळे अर्धे मिटलेले. दुसऱ्या दिवशीही तेच. जगभरातून लोक पाहत होते. संस्थेकडे पत्रांचा, निरोपांचा पाऊस पडला. काही तरी करा, औषध द्या, तिला खाली आणा. संस्थेने जाणकारांशी बोलून ठरवले की हात लावायचा नाही. झाडावर माणूस चढला तर ती घाबरून आहे तेवढीही शक्ती घालवून बसेल.

मला राग आला. दिसते आहे, कळते आहे, आणि नुसते बघत बसायचे? त्या दिवसांत माझे स्वयंपाकात लक्ष नव्हते. वीज गेली की जीव वरखाली होई. परत आली की आधी घरटे, मग बाकीचे. ती आता उठत नाही असेच सगळे धरून चालले होते. पण काही दिवसांनी ती उठली. पंख झाडले, मासा खाल्ला आणि उडालीसुद्धा. मी देवापुढे साखर ठेवली. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी ती साखर हातावर मागून घेतली.

त्या वेळी वाटले, संपले. पण खरी परीक्षा पुढेच होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्कॉटलंडमध्ये जबरदस्त बर्फ पडला. विमानतळ बंद, रस्ते बंद. आणि आमची लेक खोलीत एकटी, तापाने फणफणलेली. पडद्यावर तिचा चेहरा दिसायचा. ओठ सुकलेले, केस विस्कटलेले. मी इकडून सांगायची, "आले घालून काढा कर, कपाळावर ओले फडके ठेव." ती नुसती "हं" म्हणायची. हात पुढे केला तर काचेलाच लागायचा. तेव्हा लेडीचे ते दिवस आठवले. बघणे म्हणजे पोहोचणे नव्हे. पाचव्या दिवशी ताप उतरला. ती आपली आपणच उठली, आपणच पेज करून प्यायली.

पुढे तिचे लग्न झाले. जावई धारवाडचे, घरची भाषा कन्नड. मला ते 'अत्ते' म्हणतात, आणि आमच्या घरात निम्मे वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडात संपते. २०१४ च्या एप्रिलमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी मी एडिंबराला गेले. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सगळे बॅगेत. पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी विचारले, "लेडी आली का यंदा?" लेक म्हणाली, "आली. बसलीय अंड्यांवर. जाऊ या बघायला."

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. फोर्थ खाडीवरचा लांबलचक पूल ओलांडून पर्थ, आणि तिथून साधारण पंचवीस किलोमीटर उत्तरेला डंकेल्ड. टे नदीच्या काठचे टुमदार गाव. नदीवर इंजिनिअर टेलफर्डने १८०९ साली बांधलेला दगडी पूल, काठावर अर्धवट पडलेले जुने कॅथेड्रल आणि भोवती हिरवळ. नदीच्या पलीकडे बर्नम. शाळेत मॅकबेथ शिकवताना 'बर्नमचे जंगल चालून येते' हे मी वर्षानुवर्षे सांगत आले. ते गाव समोर पाहून मी जरा वेळ थांबलेच. जावई म्हणाले, "अत्ते, जंगल आज जागेवरच आहे. आपणच चालू या."

तळे गावापासून तीनेक किलोमीटरवर. माहिती केंद्राच्या मोठ्या काचेपलीकडे दाणे खायला लाल खारी येतात, कानांवर केसांचे झुपके असलेल्या. भिंतीवरच्या पडद्यावर तेच माझे ओळखीचे घरटे. तिथून पुढे लाकडी आडोसा. आत दुर्बिणी लावलेल्या, बोलायचे ते कुजबुजत. पाण्यापलीकडे दीडशे-दोनशे मीटरवर पाइनचे झाड.

चार वर्षे मी ते घरटे वरून, अगदी जवळून पाहिले होते. एकेक काडी ओळखीची. आता दुर्बिणीतून दिसला तो शेंड्यावरचा काड्यांचा भारा आणि त्यावर एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे लेडीचे डोके. इतकेच! पण मग वारा आला. सगळे झाड हलले, आणि त्याबरोबर घरटेही. पडद्यावर हे कधी कळले नव्हते. कॅमेरा झाडाबरोबरच हलत असणार, त्यामुळे चित्रात सगळे स्थिर दिसायचे. ती बाई इतकी वर्षे झोपाळ्यावर संसार करत होती.

तिथल्या एका वृद्ध स्वयंसेविकेने आम्हाला या पक्ष्याची जुनी कहाणी सांगितली. अंडी जमवणारे शौकीन आणि पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवणारे शिकारी, यांच्यापायी स्कॉटलंडमध्ये ही जात घरटी करीनाशी झाली. १९१६ हे शेवटचे वर्ष धरतात. १९५४ मध्ये लॉख गार्टन या तळ्यावर एका जोडीने पुन्हा पिल्ले वाढवली. १९५८ मध्ये तिथे रात्रीच्या अंधारात चोर झाडावर चढला, पहारा असूनही अंडी नेली आणि रंगवलेली कोंबडीची अंडी ठेवून गेला. मग पक्षी संरक्षण करणाऱ्या संस्थेने उलटाच विचार केला. १९५९ मध्ये जागा लपवण्याऐवजी लोकांनाच बघायला बोलावले. हजारो लोक आले, आणि त्या वर्षी तीन पिल्ले उडाली. हजारो डोळे हाच पहारा झाला. आज ब्रिटनमध्ये या घारींच्या अडीचशेहून अधिक जोड्या आहेत.

मला त्या दिवशी २०१० चा माझा राग आठवला. नुसते बघून काय होते, असे मी म्हणाले होते. तर नुसते बघूनच एवढे झाले होते.

जावयांनी विचारले, "अत्ते, हिला मराठीत काय म्हणायचे?" मी म्हटले, "मासेमार घार. तुमच्यात?" ते म्हणाले, "मीनु हिडियुव हद्दु." मीन आणि मीनु! मासा दोन्ही घरांत एकच निघाला.

जूनअखेर नात झाली. तिकडे उन्हाळ्यात रात्र अशी होतच नाही. साडेतीनलाच फटफटते. मी नातीला मांडीवर घेऊन जागी, आणि समोर पडद्यावर घरटे. एकीला ढेकर काढायचा, दुसरीला पंखाखाली झाकायचे. लेक झोपेत विचारायची, "आई, दोघी बऱ्या आहेत ना?"

पिल्लू सात-आठ आठवड्यांचे झाले की उडते. पण खरी गोष्ट त्यानंतरची. ऑगस्टमध्ये मादी आधी निघून जाते. पिल्ले अजून बापाने आणलेल्या माशावर जगत असतात, तरी ती निघते. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल, गांबिया या बाजूला जाते. पाच-एक हजार किलोमीटरचा प्रवास. मग पिल्ले एकेक करून निघतात. बाप शेवटचे पिल्लू निघेपर्यंत मासे आणत राहतो. वाट दाखवायला कोणी नाही, सोबतीला कोणी नाही. समुद्र, वाळवंट, सगळे एकट्याने. पोहोचलेली पिल्ले साधारण दोन वर्षे तिकडेच राहतात आणि मग परततात. निम्म्याहून अधिक परतत नाहीत.

लेडी गेली तेव्हा माझ्या परतीला महिना होता. मी लेकीला म्हटले, "कशी ग आई ही? लेकरांना टाकून चालली." लेक नातीचे लंगोट घडी करत होती. म्हणाली, "टाकून नाही आई. तिचे काम झाले म्हणून." जरा थांबून म्हणाली, "तू पण जा वेळेवर. बाबा तिकडे एकटेच आहेत. मला जमेल." मी काहीच बोलले नाही. रात्री बॅग काढली.

२०१५ च्या मार्चअखेर मी बेळगावात पुन्हा खुर्ची ओढून बसले. घरटे रिकामे. मग एक मादी आली. मी ओरडणार होते, पण ती लेडी नव्हती. तरुण, नवीन होती. लेडी आलीच नाही. १९९१ ते २०१४, चोवीस वर्षे ती त्या तळ्यावर आली, आणि पन्नासच्या आसपास पिल्ले तिथून उडाली असा हिशेब तिथले लोक सांगतात. ती कुठे राहिली, आफ्रिकेत की वाटेत, हे कोणाला दिसले नाही. कॅमेरा घरट्यावर होता, वाटेवर नव्हता.

अक्कांना सांगितले. त्या दारातच बसल्या. "म्हातारी होती हो," एवढेच म्हणाल्या.

जानेवारी २०१६ मध्ये आम्ही सोलापूरच्या नातेवाइकांकडून पुण्याला निघालो होतो. वाटेत भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला थांबलो. नावाड्याने मध्येच वल्हे थांबवले आणि पाण्यातल्या वाळक्या झाडाकडे बोट केले. पांढरे डोके, डोळ्यावर गडद पट्टा, पायाखाली अर्धा खाल्लेला मासा. माझ्या छातीत धस्स झाले. हे म्हणाले, "आपली?"

आपली नव्हती. स्कॉटलंडच्या घारी आफ्रिकेत जातात. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या जलाशयांवर हिवाळ्यात येतात त्या उत्तर आशियातल्या थंड मुलखातून. हिचे घरटे तिकडच्या कुठल्या झाडावर असेल, त्यावर कॅमेरा नसेल, हिच्यासाठी कोणी साखर ठेवली नसेल. हिमालयाच्या पलीकडून ही एकटी आली होती आणि भीमेचा मासा खात बसली होती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. नात मागे काही तरी बडबडत होती, निम्मे मराठी, निम्मे कन्नड. लेकीने विचारले, "काय पाहिले आज?"

मी म्हटले, "एक पोहोचलेली पाहिली."