जॉबशीटवर न लिहिलेला ऐवज

आमच्या सोसायटीचा लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानदाराने हरवला. सोसायटी डोंबिवलीतली, चौसष्ट फ्लॅटची, आणि मी तिचा सेक्रेटरी. २०२५च्या पावसाळ्यात ऑफिसच्या खिडकीतून पाणी आलं, लॅपटॉप भिजला आणि बंद पडला. स्टेशनजवळच्या दुकानात नेला, तर दुकानदार म्हणाला, ‘‘काका, बोर्ड गेलाय. चिप लेव्हलचं काम आहे, लॅमिंग्टन रोडला पाठवावं लागेल.’’ उपनगरांतल्या बऱ्याच दुकानांत असंच चालतं. पाटी इथे आणि कारागीर मुंबईत. त्याचा मुलगा बॅग घेऊन निघाला, दादरला गाडी बदलायला उतरला आणि बॅग वरच्या रॅकवरच राहिली.

‘‘काका, टेन्शन घेऊ नका, मशीनचे पैसे देतो,’’ हे दुकानदाराचं पहिलं वाक्य होतं. मी विचारलं, ‘‘आणि आतल्या माहितीचं काय?’’ त्याने जॉबशीट पुढे केलं. त्यावर मॉडेल, ‘चालू होत नाही’ ही तक्रार आणि ‘चार्जर जमा’ एवढंच लिहिलेलं. तळाला बारीक अक्षरांत छापलेलं, की डेटाची जबाबदारी दुकानाची नाही. लॅपटॉपच्या झाकणावर मात्र काउंटरवरच्या मुलाने पांढरी पट्टी चिकटवून बॉलपेनने सोसायटीचं नाव, माझा मोबाइल नंबर आणि पासवर्ड लिहिला होता. ‘चेकिंगला लागतो’ म्हणून. दुरुस्तीच्या काउंटरमागे अशा पट्ट्या लावलेली मशीन एकावर एक रचलेली असतातच. बॅग ज्याच्या हाती लागली, त्याला कुलूप आणि किल्ली दोन्ही एकदमच मिळाली.

‘‘बंद मशीनचं कोण काय करणार?’’ असं दुकानदार पुन्हा पुन्हा म्हणत होता. पण गेला होता तो बोर्ड, डिस्क धडधाकट होती. चार स्क्रू काढायचे, डिस्क दुसऱ्या मशीनला जोडायची, की सगळ्या फाइली समोर. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असती तर वाचता आली नसती, आमची नव्हती.

काय होतं तिच्यात? सभासदांचं आय रजिस्टर आणि जे रजिस्टर. फ्लॅटच्या करारनाम्यांच्या स्कॅन प्रती. आधार, पॅन, रद्द केलेले चेक. थकबाकीदारांची यादी. भाडेकरूंचे भाडेकरार आणि पोलीस पडताळणीचे फॉर्म. आणि नॉमिनेशनचे फॉर्म. आपल्यामागे फ्लॅट कोणाच्या नावे व्हावा, हे घरात न बोललेलं माणूस सोसायटीच्या फॉर्मवर लिहून देतो. आमच्या एका ज्येष्ठ सभासदाने तो फॉर्म देताना मला बजावलं होतं, ‘‘थोरल्याला कळू देऊ नका.’’ लॅपटॉपच्या किमतीत हे कुठे बसवायचं?

दुकानदाराला सोबत घेऊन लोहमार्ग पोलिसांकडे गेलो. त्यांनी हरवल्याची नोंद करून घेतली. बॅग काही मिळाली नाही.

मग कमिटीची बैठक. सभासदांना सांगायचं की नाही, यावर चांगलीच जुंपली. ‘‘उगाच घबराट कशाला? चोराला लॅपटॉप विकायचाय, आपले कागद वाचायचे नाहीत,’’ असं खजिनदारांचं मत. मी म्हणालो, ‘‘वाचायचे नसतील तर उत्तमच. पण उद्या कोणाच्या पॅनवर कर्ज निघालं, तर आपण काय म्हणणार? माहीत होतं पण बोललो नाही?’’ त्याच संध्याकाळी नोटीस लावली आणि प्रत्येक घरी ती हातात दिली. नुसतं ‘काळजी घ्या’ असं न लिहिता काय काय गेलं त्याची यादी दिली आणि काय करायचं तेही लिहिलं: आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट काढून अनोळखी कर्ज दिसतंय का बघा, फसवणूक झाली तर सायबर हेल्पलाइनच्या १९३० नंबरवर लगेच कळवा. सोसायटीच्या ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड तर कळलं त्याच दिवशी बदलले होते.

जुन्या भाडेकरूंनाही फोन केले. घर सोडून कधीच पुण्याला गेलेल्या एका मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘काका, मी तर घर सोडलंय. माझं आधार अजून तुमच्याकडे कशाला होतं?’’ यावर कोणत्याच कमिटीकडे उत्तर नसतं. कागद घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, काढून टाकण्याची नाही. दुकानदाराला मी जे सुनावलं होतं, ते ती मला सुनावत होती, फक्त आवाज न चढवता.

कायदाही याच दोन टोकांना धरतो. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे, दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणाऱ्याने ती सुज्ञ माणूस स्वतःची वस्तू सांभाळतो तितक्या काळजीने सांभाळायची असते. ती रॅकवर विसरणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या भाषेत सेवेतली त्रुटी. हे झालं दुकानाचं. माहितीचं वेगळं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पहिली जबाबदारी माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणाऱ्याची, म्हणजे आमची. काम संपलं की माहिती पुसायची, आणि ती गेली तर संबंधित माणसाला व माहिती संरक्षण मंडळाला कळवायचं. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. पण तो दंड सरकारजमा होतो. ज्याची माहिती गेली त्याच्या हाती त्यातलं काही पडत नाही. कायद्याचे नियम आमच्या प्रकरणानंतर, नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक बंधनं लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कळवायला मात्र कायदा लागू होण्याची वाट बघावी लागत नाही.

दुकानदाराने सेकंडहँड लॅपटॉपची किंमत हप्त्यांनी दिली. त्याहून जास्त ओढाताण झाली ती एका पत्रासाठी. लॅपटॉप कोणत्या तारखेला ताब्यात घेतला, कोणत्या तारखेला आणि कुठे हरवला, हे त्याने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं एवढंच मागत होतो. तो म्हणायचा, ‘‘पैसे देतोय ना, मग लेखी कशाला?’’ ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवतो म्हटल्यावर पत्र आलं. उद्या एखाद्या सभासदाच्या कागदांचा गैरवापर झालाच, तर बँकेपुढे आणि पोलिसांपुढे पैशाची पावती चालणार नाही, हे पत्र चालेल. त्याची प्रत पोलिसांच्या नोंदीसोबत प्रत्येक सभासदाला दिली.

आता सोसायटी आधारची मास्क्ड प्रतच घेते, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. भाडेकरू गेला की महिन्याभरात त्याचे स्कॅन पुसले जातात आणि तसं रजिस्टरमध्ये लिहिलं जातं. नव्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे.

तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी असा, क्लास चालवत असा किंवा लोकांचे आयकर रिटर्न भरत असा. मशीन दुरुस्तीला देताना डिस्क काढून मागा. निघत नसेल तर काम समोर बसून करून घ्या, किंवा मशीन कुठे आणि कोणाबरोबर जाणार हे जॉबशीटवर लिहून घ्या. पासवर्डची पट्टी कोणी लावायला लागला तर तिथल्या तिथे काढायला लावा. आणि एवढं करूनही मशीन हरवलंच, तर ज्यांची माहिती त्यात होती त्यांना त्याच दिवशी सांगा. दुकानदार भरपाई मशीनची देईल. त्या माणसांना उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.