पाहुण्याने कोणत्या ऋतूत यावे?

सहलीला कुठे जायचे यावर आमच्या घरात फारसे मतभेद होत नाहीत. वाद रंगतो तो 'केव्हा' या प्रश्नावर. घरात माणसे पाच आणि ऋतूही पाच! चिरंजीवांना मे महिना हवा, कारण शाळा बंद असते. कन्येला दिवाळी हवी, कारण नवे कपडे मिरवायला मिळतात. सौभाग्यवतीला श्रावण हवा, कारण हिरव्या रानाचे तिला वेड. मला कचेरी जेव्हा रजा देईल तो ऋतू गोड. राहिली आमची आई. ७८ वर्षांच्या आईची इच्छा एवढीच, की लेकीच्या घरी चार दिवस निवांत राहावे आणि तिच्याशी पोटभर बोलावे.

ही लेक म्हणजे माझी धाकटी बहीण. ती दिली आहे भंडारा जिल्ह्यात, लाखनीला. घर शेतकऱ्याचे, शेती धानाची. त्यामुळे गेल्या चौदा वर्षांत मला या जिल्ह्याचे सगळे ऋतू पाहायला मिळाले. पुण्या-मुंबईच्या माणसाला भंडारा ठाऊक असतो तो पितळेच्या भांड्यांमुळे. पण हा खरा तलावांचा आणि भाताचा मुलूख. तिकडे भात म्हणजे ताटातला. शेतातले पीक ते धान. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आजच्या भंडाऱ्याकडे सात तालुके उरले. मधून वैनगंगा वाहते, कडेला सागाचे नि मोहाचे रान, आणि गावोगावी मालगुजारांच्या काळापासूनचे तलाव.

प्रवासाची पुस्तके उष्ण देशांविषयी एक ठरीव सल्ला देतात : कोरडा हंगाम चांगला, पावसाळा टाळावा. हा सल्ला थंड देशांतून ऊन शोधायला निघालेल्या मंडळींसाठी लिहिलेला. आपल्याला ऊन विकत घ्यावे लागत नाही. शिवाय ही पुस्तके फक्त जाणाऱ्याचा विचार करतात. ज्याच्या घरी जायचे, त्याला तो हंगाम कसा असतो, हे त्यांत कुठेच नसते. तेव्हा एकेक ऋतू नीट तपासून पाहू.

प्रथम चिरंजीवांचा मे महिना. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास खेळत असतो. महिन्याच्या अखेरीस नवतपा लागला, की दुपारी अकरा ते पाच या वेळात रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. इंग्रजी अमदानीत हा जिल्हा मध्य प्रांतात होता, आणि त्या प्रांताचे सरकारच उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला जाऊन बसे. विदर्भातल्या शाळा आजही बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्या याच उन्हापायी. जिथले लोक पोरांना शाळेत पाठवायला धजत नाहीत, तिथे आपण आपली पोरे हौसेने न्यावीत, हा विचार करण्यासारखाच मामला.

पण मे महिन्याचीही एक बाजू आहे. वाघ पाहायचा असेल तर तो याच दिवसांत दिसण्याचा संभव अधिक. पानगळ झालेली असते, झुडपांचा आडोसा विरळ होतो, रानातली लहान पाणवठी आटतात आणि उरलेल्या मोजक्या पाण्यावर सगळ्या जनावरांना यावे लागते. साकोलीपासून जवळच नागझिऱ्याचे अभयारण्य आहे. ते १९७० साली जाहीर झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेले. पहाटेची फेरी करावी, दुपार कूलरपुढे पन्हे पीत काढावी. तरण्या माणसांना हे झेपते. आईला मात्र आम्ही या दिवसांत तिकडे कधी नेले नाही, आणि नेणारही नाही.

आता सौभाग्यवतीचा श्रावण. जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै-ऑगस्टात रोवणी चालते. चिखल केलेल्या बांधीत बायका ओळीने वाकून धानाची रोपे लावीत मागे मागे सरकतात, आणि त्यांच्या पुढ्यात हिरवी रांगोळी उमटत जाते. डोळ्यांचे पारणे फिटावे असे ते दृश्य! पण व्याघ्र प्रकल्पाचे दरवाजे पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतात. नदीचाही भरवसा नसतो. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात, शिवनी जिल्ह्यात. तिकडच्या पावसाचे पाणी इकडे येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस असेच पाणी आले आणि भंडारा शहरासह नदीकाठच्या कितीतरी वस्त्या त्याखाली गेल्या. आणि रोवणीच्या दिवसांत घरात रिकामे असे कोणी नसते. सकाळी आठला घराला कुलूप, संध्याकाळी चिखलाने भरलेली माणसे परत. त्यांना 'चहा टाका' म्हणणारा पाहुणा कसा वाटत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तिसरा ऋतू दिवाळीचा. वरवर पाहता याच्याइतका सोयीचा ऋतू नाही. शाळांना सुटी, हवा सुखद, पावसाने भरलेले तलाव अजून काठोकाठ. हे तलाव मोठ्या शहाणपणाने बांधलेले आहेत. उताराला आडवी मातीची पाळ घालायची, पावसाचे पाणी अडवायचे आणि पाऊस दडी मारील तेव्हा ते खालच्या बांध्यांना सोडायचे. कोहळी समाजाने या कामात पिढ्यान्पिढ्या नाव मिळवले. तलावांतून शिंगाडे निघू लागतात ते याच दिवसांत. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. मुलांना आणखी काय हवे?

अशाच एका दिवाळीला आम्ही सहकुटुंब, आईसह, लाखनीला होतो. सातव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले. गार वारा सुटला. चिरंजीव ओसरीवरून ओरडले, "आत्या, काय मस्त हवा पडली आहे!" बहिणीने उत्तर दिले नाही. ती नि मेहुणे शेताकडे धावत सुटली होती. धान कापून बांधीत वाळत टाकलेले होते. त्या आडव्या पसरलेल्या धानाला तिकडे कडपा म्हणतात. वर्षाची कमाई जमिनीवर उघडी पडलेली असते ती नेमकी या आठ-पंधरा दिवसांत. कडपा भिजल्या, पाण्यात राहिल्या, की दाण्याला तिथेच कोंब फुटतो. मग त्या धानाला बाजारात विचारतो कोण?

आम्हीही मागोमाग गेलो. हाती लागेल त्याने भारे बांधले, उचलून उंचवट्यावर नेले, वर ताडपत्री ओढली. दोन बांध्या साधल्या. तिसरीत पाऊस आला. रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही. मेहुणे एवढेच म्हणाले, "निम्म्याच्या वर घरात आले, हे काय कमी?" त्यानंतर हवेविषयी बोलताना चिरंजीव आधी आत्याला विचारतात, की धान कुठे आहे. शाळेच्या भूगोलाने जे शिकवले नव्हते, ते त्या एका दुपारने शिकवले.

आणि आईचे काय? नऊ दिवसांच्या त्या मुक्कामात लेक तिच्याजवळ एक दुपारसुद्धा बसू शकली नाही. माउली ओसरीवर बसून शिंगाडे सोलीत राहिली. परतताना गाडीत म्हणाली, "पोर किती वाळली आहे रे! बोलायचे राहूनच गेले." ७८ व्या वर्षी 'पुढच्या खेपेला बोलू' हे वाक्य तितकेसे सोपे राहत नाही.

फाल्गुनाचा उल्लेख केला नाही तर पळसाला राग येईल. पळस फुलतो, मागोमाग मोह गळू लागतो, पहाटे बायका-मुले टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला रानात जातात. अतिशय देखणे दिवस! पण पळस फुलायला आणि मुलांच्या परीक्षा फुलायला एकच गाठ पडते. ज्यांची मुले मोठी होऊन मार्गी लागली आहेत, त्यांनी हे दिवस जरूर साधावेत.

उरला पौष, म्हणजे साधारण डिसेंबरची अखेर ते जानेवारी. आमच्या बहिणीच्या सासूबाईंना एकदा सहज विचारले, "पाहुण्याने तुमच्याकडे यावे केव्हा?" त्या म्हणाल्या, "धान घरात आल्यावर." एवढ्या तीन शब्दांत सारा प्रश्न सुटला. हलके धान दिवाळीच्या सुमारास निघते, भारी धानाला मार्गशीर्ष उजाडतो. मग भाऱ्यांचे पुंजणे रचतात, मळणी होते आणि पौषात घर मोकळे होते. पौषात आपल्याकडे लग्नकार्ये नसतात, म्हणून हा महिना भाकड समजतात. मी म्हणतो, पाहुण्याने हाच महिना धरावा. यजमानाला ना शेत ओढते, ना लग्नघर! मात्र ज्यांना कालव्याचे पाणी आहे, त्यांच्याकडे उन्हाळी धानाची रोवणी त्यानंतर सुरू होते. तेव्हा जानेवारीच्या फार अखेरीस जाऊ नये.

पाहण्यासारखेही या दिवसांत काही कमी नसते. तलावांचे पाणी ओसरून काठ उघडे पडतात आणि दूरदेशींचे पक्षी तिथे उतरतात. पवनीला जावे. तिथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. जवळच वैनगंगेवरचे गोसीखुर्दचे धरण आहे. त्याची कोनशिला १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते बसली. तुमसरच्या बाजूला आंबागडचा किल्ला चढायलाही हीच हवा बरी. रात्री झाडीपट्टीची नाटके असतात. त्यांचा हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. नाटक पहाटेपर्यंत चालते, तेव्हा घोंगडी बरोबर ठेवावी. बैलांचे शंकरपटही याच दिवसांतले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली.

दोन व्यावहारिक गोष्टी. विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून आणि महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून गोंदियाला जाते. दोन्ही गाड्या भंडारा रोडला थांबतात. हे स्थानक वरठीला आहे, शहरापासून थोडे दूर. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. म्हणजे दिवाळी अंक वाचून होईतो जानेवारीच्या तिकिटांची वेळ आलेलीच असते. पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांसाठी कानटोपी आणि पायमोजे विसरू नयेत.

मुलांची शाळा चार दिवस बुडेल, ही हरकत सौभाग्यवतीने नोंदवली आहे. कन्येचे म्हणणे, दिवाळीचे कपडे जानेवारीतही मिरवता येतात. कचेरीने रजा मंजूर केली आहे, कारण त्या दिवसांत दुसऱ्या कोणाला ती नकोच होती. आईने मात्र यंदा हवापाण्याची काहीच चौकशी केली नाही. बहिणीचा फोन आला तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला : "भारी धान कधी निघते गं तुमचे?"