दोडक्याची संध्याकाळ

दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि घोसाळ्याचं पहाटे. दोघं एकाच कुळातली, पानं सारखी, फुलंही पिवळीच. शेजारी शेजारी मांडवावर चढवली, तर कोणता वेल कुणाचा हे फळ धरेपर्यंत पाहुण्याला सांगता येत नाही. पण पाच वाजून गेले, ऊन उतरू लागलं, की मांडवाची एक बाजू पिवळी होते आणि दुसरी ढिम्म राहते. पहाटे याच्या बरोबर उलट. दुधी संध्याकाळचा. पडवळ अंधारातलं, पाकळ्यांच्या कडांना सुताच्या झालरी सुटलेलं. कारलं आणि भोपळा सकाळचे. त्यातही भोपळा मोठा लहरी, दुपार व्हायच्या आत फूल मिटून मोकळा. ही सगळी मंडळी एका बागेत आणली की घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला फारसा अर्थ उरत नाही.

वाईच्या बाजूला, कृष्णाकाठी, आमच्या घरामागं पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा आहे. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. परसबाग म्हणून फार मोठा, शेत म्हणायला लाज वाटावी इतका लहान. त्याची मालकीण कागदोपत्री कुणीही असो, खरी मालकीण आत्या. माघ लागला की तिचा एकच प्रश्न असतो, "थंडी गेली का गं?" हा प्रश्न ती कॅलेंडरला विचारत नाही. सकाळी न्हाणीघरात उघड्या पायांनी उभी राहून फरशीला विचारते. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, ही म्हण तिला मान्य आहे. पण तोवर थांबायचं नाही, हे तिचं शास्त्र.

आणि ते बरोबरच आहे. वेलवर्गाच्या बियांना गारठा सोसत नाही. माती गार असली की बी कुजून जातं, नाहीतर नुसतं पडून राहतं. म्हणून लवकर लावणं धोक्याचं. पण उशीर त्याहून धोक्याचा. या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागं बोटाच्या पेराएवढं इवलंसं फळ आधीच असतं, नराच्या मागं नुसता देठ. दिवस मोठे झाले, उष्मा वाढला, की वेल नर फुलांचा नुसता धडाका लावतो आणि मादी फुलं हात आखडून देतो. मार्चअखेर लावलेला दोडका एप्रिल-मेमध्ये मांडवभर फुलतो, बघणाऱ्याचे डोळे निवतात, आणि पाटीत काही पडत नाही. संक्रांत आणि शिवरात्र यांच्यामधली ती अरुंद फट साधायची असते.

त्यासाठी आत्या कारल्याचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवते आणि ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवते, कारण त्याचं कवच फार टणक. धणे मात्र ती चपलेखाली रगडून पेरते. एका धण्यात दोन बिया असतात, अख्खा टाकला तर त्या एकमेकींशी भांडत बसतात, असं तिचं म्हणणं. कोथिंबीर आणि मेथी या खरं तर थंडीच्या लेकी. उन्हाळ्यात त्यांना घेवड्याच्या सावलीत जागा द्यावी लागते, तरीही पाचवं-सहावं पान येतं न येतं तोच फुलोऱ्याची घाई. तांबड्या माठाचं तसं नाही. तो कुठंही, कधीही, कशाही मातीत येतो, आणि म्हणूनच बहुधा त्याचं कुणी कौतुक करत नाही.

बियाणं डब्यातलं. दोडका वेलावरच वाळू द्यायचा, हलवला की आत खुळखुळ वाजला पाहिजे, मग बी काढून राखेत घोळायचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आत्यानं बातमी दोनदा वाचून घेतली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं गावठी वाल-घेवड्याची बियाणी जपली, वाटली, बायकांना परसबागा लावायला लावल्या, याचं तिला अप्रूप नव्हतं. "त्यात काय, आमच्या आईनंही हेच केलं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण आईनं कुणाला विचारू दिलं नाही. ही विचारू देते." दुसऱ्या दिवशी तिचा डबा शेजारणीच्या ओट्यावर होता. गावठीचा हट्ट मात्र ती सगळीकडे धरत नाही. भेंडीला परभणी क्रांतीच लागते, कारण पांढऱ्या माशीनं आणलेल्या रोगानं भेंडीच्या शिरा पिवळ्या पडताना तिनं पाहिल्या आहेत आणि त्या वाणाला हा रोग सहसा शिवत नाही. शुद्ध परंपरेचं वेड परसबागेत परवडत नसतं.

लावणी हा चार दिवसांचा सण. वाफे ओढा, आळी करा, शेणखत भरा, प्रत्येक आळ्यात तीन बिया टोका. फोटो काढण्यासारखं जे काही असतं ते तेवढ्यात संपतं. त्यानंतर सुरू होते उस्तवार, आणि तिच्याविषयी कुणी लिहीत नाही. अंकुर जमिनीवर येतो तोच तांबडे भुंगेरे हजर. दोन कोवळी दलं चाळणीसारखी करून टाकतात. पण पहाटेच्या गारव्यात हे भुंगेरे सुस्त असतात, हातानं टिपता येतात. ऊन चढलं की भर्रकन उडतात. राखही तेव्हाच टाकायची, पानावर दव असताना, म्हणजे ती चिकटून बसते. आठ वाजता टाकलेली राख फक्त आपल्या समाधानाची. माव्यालाही हाच इलाज, नाही भागलं तर पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क, तो संध्याकाळी, कारण कडक उन्हात त्याचा जोर लवकर ओसरतो.

पाणी पाटानं नाही, बुंध्याशी. पानं भिजवली की काकडीवर केवडा पडतो, पानाच्या वरच्या बाजूला पिवळे कोनाकोनांचे डाग. आणि आळ्यावर उसाचं पाचट. आमच्याकडे तोड झाली की शिवारंच्या शिवारं पाचट पेटवून देतात, रात्री आभाळ तांबडं दिसतं. त्या आगीतून चार भारे मागून आणले तर एप्रिलमध्ये दिवसाआडचं पाणी पुरतं. हा सौदा मला अजूनही नवलाचा वाटतो. कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडत आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब सुखानं जगू शकेल असं सांगत. त्यांच्या हिशेबात काडीकचरा हे धन होतं. पाचट पसरताना मला ते गणित पटतं. दुपारी कंबर धरली की दहा गुंठे फार वाटतात.

संध्याकाळी दुधी उमलू लागला की दुसरं काम. मधमाश्या घरी गेलेल्या असतात, दुधीकडे येतात ते पतंग, आणि ते आले नाहीत तर मागचं इवलं फळ पिवळं पडून गळतं. शहरातल्या गच्चीवर दुधी धरत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी खताचं पोतं आणण्याआधी सातच्या सुमाराला गच्चीवर जाऊन बघावं. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच टेकवायचा. आत्याला दिसेनासं झालंय, म्हणून ती हातानं चाचपून सांगते, "ही पोरगी, हा पोरगा." टीव्हीवरच्या मालिकेची हीच वेळ असते. घरातल्यांनी आता तो वाद सोडला आहे.

भेंडीचं फूल एका सकाळचं, आणि त्यानंतर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायची. एक दिवस लग्नाला गेलात की ती जून होऊन तुमच्याकडे बघत असते, आणि जून भेंडी झाडावर राहिली की झाड नवी फुलं देणं कमी करतं. त्यामुळे दिवसाआड तोडणी. गवारीचंही तेच. कारल्याला फळमाशी, बारक्या कारल्याला कागदाची टोपी घालायची, नाहीतर मांडवाला कामगंध सापळा टांगायचा, त्याच्या वासानं नर माश्या आत शिरून मरतात. मिरचीवर पोपट येतात. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा कळतच नाही, त्यामुळे त्यांच्यावर तिचा काही धाक नाही. टोमॅटोवर मी वेळ घालवणं बंद केलंय. रात्रीसुद्धा उकडू लागलं की त्याची फुलं गळतातच, आणि बाजारात तो स्वस्तही असतो.

हे सगळं निगुतीनं केलं की मे महिन्यात जी गोष्ट होते तिची तयारी कुणीच केलेली नसते. सगळं एकदम येतं. गवार वाळत घालून तळणीची सोय होते, कोहळा सांडग्यांत जिरतो, कारली मीठ लावून उन्हात जातात. दुधीचं काही करता येत नाही. तो रोज येतो. हलवा झाला, थालीपीठ झालं, कोफ्ते झाले, मग वाटणं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात शेजारी हरखतात. दुसऱ्या आठवड्यात "अहो कशाला, मागचाच आहे अजून" ऐकू येतं. तिसऱ्या आठवड्यात समोरच्या काकू आमचं फाटक वाजलं की न्हाणीघरात जातात. यंदा आत्यानं युक्ती काढली. पिशवीत खाली दुधी आणि वर चार पायरी आंबे. "काकू, आंबे आणलेत," अशी हाक मारायची, पिशवी ओट्यावर ठेवायची आणि लगेच परत फिरायचं. काकूही कच्च्या गुरूच्या चेल्या नाहीत. संध्याकाळी पिशवी परत आली, घडी घालून, आत त्यांच्या माहेरची वांगी.