दुसऱ्या पंगतीचा खेळ

खेळांविषयीं जें छापून येतें तें बहुधा पहिल्या पंगतीविषयीं असतें. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारतानें नेपाळास हरविलें, आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यांतील वेळापूरचा रामजी कश्यप विजयी संघांत होता. आम्हां सोलापूरकरांस त्याचा अभिमान वाटला, तो योग्यच होता. परंतु वेळापूरपासून दिल्लीपर्यंतच्या वाटेवर शेंकडों मुलें-मुली धांवतात आणि मध्येंच कोठें तरी थांबतात. त्यांपैकीं एक आमच्याच घरांत असल्यामुळें हा लेख लिहीत आहें.

माझ्या पुतण्याची कन्या पदवीच्या शेवटच्या वर्गांत होती व महाविद्यालयाच्या संघांतून खोखो खेळत होती. सोलापूरचें विद्यापीठ २००४ सालीं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळें निघालें. त्याचें क्षेत्र अवघ्या एका जिल्ह्याचें. तेथील ज्या सामन्यांत ती खेळे, ते बाद पद्धतीचे होते. हरला तो घरीं गेला. खोखोची पाळी नऊ मिनिटांची. दोन वेळां पाठलाग, दोन वेळां पळती, म्हणजे सारा सामना ३६ मिनिटांचा. त्यांतहि पळणारे तीन-तीनांच्या तुकडीनें उतरतात, आणि तीन मिनिटें जो टिकला त्याची मैदानभर वाहवा होते. वाचकांनीं हिशेब करून पाहावा. वर्षभर पहाटे साडेपांचास उठून केलेल्या मेहनतीचें मोल ठरावयाचें तें अशा दहा-पंधरा मिनिटांत! पाठलाग करणाऱ्यास माघारें वळतां येत नाहीं, मधली पाटी ओलांडतां येत नाहीं. पळणाऱ्यास मात्र दोन्ही बाजू मोकळ्या. म्हणून या खेळांत पायांपेक्षां डोळ्यांस अधिक काम असतें, हें मला तिचा सराव पाहूनच कळलें.

त्या वर्षीं घरांत वाद निघाला. पुतण्याचें म्हणणें असें कीं, शेवटचें वर्ष, पुढें प्रवेशपरीक्षा, शिकवणीच्या वर्गाचे पैसे भरलेले. पहाटेचे दोन तास मैदानांत घालवून उपयोग काय? बोलणें रागाचें नव्हतें, काळजीचें होतें, आणि त्याला उत्तर देणें सोपें नव्हतें. तिला विद्यापीठाच्या संघांत जागा मिळेल अशी आशा कोणीं धरली नव्हती, तिनें तर मुळींच नाहीं.

मला विचारलें तेव्हां मी एवढेंच म्हणालों कीं, "संस्कृत शिकवीत असतां 'उपयोग काय?' हा प्रश्न मी पस्तीस वर्षें ऐकला. तोच प्रश्न या पोरीला विचारण्यास माझी जीभ वळत नाहीं."

योगायोगानें त्याच सुमारास माझ्या धाकट्या बंधूंचा नातू अमेरिकेंतून दूरध्वनीवर बोलत असे. तो ओहायो राज्यांतील एका लहानशा महाविद्यालयांत शिकतो. तेथील फुटबॉल आपल्यासारखा पायांचा नव्हे. लांबट चेंडू कवटाळून पुढें घुसावयाचें, चार प्रयत्नांत दहा यार्ड सर करावयाचे. मोठ्या विद्यापीठांच्या संघांभोंवतीं कोट्यवधि डॉलर खेळतात. त्याच्या महाविद्यालयाचा संघ तिसऱ्या श्रेणींतला. या श्रेणींत फुटबॉल खेळणारीं महाविद्यालयें दोनशेंहून अधिक आहेत, आणि खेळाबद्दल शिष्यवृत्ति द्यावयाची नाहीं असा तेथें नियमच आहे. शिकागो विद्यापीठाची कथा त्यानें सांगितली ती विलक्षण वाटली. १९३५ सालीं देशांतील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचा हाइजमन चषक पहिल्यानें मिळाला तो तेथल्याच जे बर्वँगर यास. आणि १९३९ सालीं त्याच विद्यापीठानें तो संघ बंद केला. तीस वर्षांनीं संघ पुन्हां उभा राहिला, तो आज तिसऱ्या श्रेणींत खेळतो. मोसमांतील घरच्या शेवटच्या सामन्यास शेवटच्या वर्षाच्या मुलांचे आईबाप मैदानांत येऊन त्यांच्या शेजारीं उभे राहतात, अशीहि तिकडे रीत आहे. हें ऐकून पुतण्या कांहीं बोलला नाहीं. पण पहाटे मुलीस स्कूटरवरून मैदानांत पोंचविण्याचें काम त्यानें स्वतःकडे घेतलें.

अमेरिकेंत दहा शनिवार तरी हातीं असतात. आमचा मोसम तीन सामन्यांत आटोपला. पहिला सहज जिंकला, दुसरा ओढाताणीनें. उपांत्य सामन्याच्या अखेरच्या पाळींत नातीची तुकडी पहिली उतरली. तिच्या दोघी जोडीदारणी लौकर बाद झाल्या आणि ती एकटी उरली. ती खांबाला वळसा घाली, हुलकावणी देई, पुन्हां मधून निघे. अखेर एका उंच मुलीनें सूर मारून तिच्या टांचेस बोट लावलें. संघ एका गुणानें हरला. प्रेक्षक म्हणावे तर चाळीस-पन्नास. त्यांत आम्ही घरचे पांच.

घरीं आल्यावर कोणीं विषय काढला नाहीं. पुतण्यानें शिकवणीचें वेळापत्रक टेबलावर ठेवलें होतें, तें तिनें पाहिलें आणि मान हलविली. वहिनींचें वय आतां ऐशींच्या पुढें. त्यांस खोखोचे गुण कधींच समजले नाहींत. त्यांनीं नातीच्या गुडघ्यावरची खरचट धुतां धुतां विचारलें, "किती वेळ उभी होतीस ग?"

"दोन मिनिटें चाळीस सेकंद, आजी."

"एकटी?"

"शेवटचें मिनिटभर एकटी."

वहिनींनीं हळद लावली आणि दुसरा गुडघा पुढें करावयास सांगितलें.