ॲड-ऑनच्या पानाचा पत्ता

मूळ सॉफ्टवेअरला जोडून त्याची क्षमता वाढवणाऱ्या छोट्या प्रणालीला ॲड-ऑन म्हणतात. ब्राउझरच्या संदर्भात तिला एक्स्टेन्शन, तर वर्डप्रेससारख्या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीत प्लगिन हे नाव रूढ आहे. अधिकृत संग्रहात अशा प्रत्येक ॲड-ऑनचे एक पान असते आणि त्या पानाचा पत्ता बहुधा सर्वांत शेवटी, घाईघाईत ठरवला जातो. प्रत्यक्षात तो फोनवर सांगितला जातो, प्रशिक्षणाच्या वर्गात फळ्यावर लिहिला जातो, छापील पुस्तकातही येतो. म्हणून तो वाचता येणे, ऐकून लिहिता येणे आणि दहा वर्षांनीही त्याच पानावर नेणे, या तिन्ही अपेक्षा त्याच्याकडून रास्तच आहेत. अडचण अशी की लक्षात राहते ते नाव, आणि काळाच्या ओघात बदलते तेही नावच.

फायरफॉक्सच्या संग्रहात एके काळी पत्त्याच्या शेवटी नुसता क्रमांक असे. ॲडब्लॉक प्लसचे पान १८६५ या आकड्यावर होते. नाव बदलले तरी क्रमांक तसाच राहतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु तो ॲड-ऑनविषयी काहीच सांगत नाही आणि एखादा आकडा चुकला तर वाचक भलत्याच पानावर जातो. पुढे क्रमांकाच्या जागी स्लग, म्हणजे नावावरून बेतलेला सुटसुटीत तुकडा आला, आणि जुने क्रमांक नव्या पत्त्यांकडे वळवले गेले. क्रोमच्या संग्रहात नाव आणि ओळखचिन्ह दोन्ही शेजारी शेजारी असतात. हे ओळखचिन्ह ए ते पी या सोळाच रोमन अक्षरांतून बनलेली ३२ अक्षरांची ओळ असून ते एक्स्टेन्शनच्या सार्वजनिक किल्लीवरून, म्हणजे निर्मात्याची ओळख पटवणाऱ्या सांकेतिक संख्येवरून, गणिताने काढलेले असते. कोणते पान उघडायचे हे ओळखचिन्हच ठरवते, नाव केवळ वाचकासाठी असते. त्यामुळे दुव्यातील ओळखीचे नाव पाहून निर्धास्त होणे धोक्याचे आहे, ही गोष्ट वापरकर्त्यांना पुरेशी सांगितली जात नाही.

वर्डप्रेसच्या संग्रहाने याहून कठोर मार्ग स्वीकारला असून तेथे मंजुरीनंतर स्लग बदलता येत नाही. योस्ट एसईओ या प्लगिनचे पान म्हणूनच आजही ‘वर्डप्रेस-एसईओ’ या जुन्या नावाच्या पत्त्यावर आहे. हे वरवर विसंगत वाटते, पण ज्या ज्या संकेतस्थळावर प्लगिन बसवलेले असते, ते संकेतस्थळ नवी आवृत्ती आली का, हे त्याच स्लगच्या आधारे विचारते; पत्ता देखणा करण्यासाठी हा धागा तोडणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी विचार करावा: स्लगमध्ये साल किंवा आवृत्तीचा आकडा नसावा, दुसऱ्याच्या उत्पादनाचे नाव नसावे, आणि ॲड-ऑन काय करते हे दोन-तीन शब्दांत कळावे. शब्दांमध्ये अंडरस्कोरऐवजी हायफन असावा, कारण दुव्याखाली रेघ आली की अंडरस्कोर तिच्यात लपतो. सर्व रोमन अक्षरे लहान (लोअरकेस) असावीत. डोमेनच्या नावात लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद मानला जात नाही, पण त्यापुढच्या भागात अनेक सर्व्हर तो मानतात.

मराठी ॲड-ऑनच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे, परंतु पत्त्याच्या उरलेल्या भागातील देवनागरी मजकूर पाठवताना टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात जातो. युनिकोडमध्ये ‘मराठी’ या शब्दाची म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे होतात आणि प्रत्येकाची नऊ अक्षरे होऊन एकूण ४५ भरतात. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या स्लगला मूलतः २०० अक्षरांची मर्यादा असल्याने देवनागरी शीर्षक बाविसाव्या चिन्हानंतर तुटते, प्रसंगी शब्दाच्या मध्येच. ब्राउझरच्या पट्टीत सुबक दिसणारा पत्ता निरोपात चिकटवला की अनेकदा वाचण्यापलीकडे जातो. रोमन लिपीचा आधार घ्यावा, तर ‘शुद्धलेखन’ हा शब्द कुणी एका डीने लिहितो, कुणी दोन डींनी. अशा वेळी एक रोमन रूप कायमचे ठरवून त्याची इतर संभाव्य रूपे आणि मूळ देवनागरी शब्द, हे सगळे ३०१ या संकेताने, म्हणजे ‘कायमचे स्थलांतर’ असे सर्व्हरकडून कळवून, त्या एका रूपाकडे वळवणे हाच सध्याचा सर्वांत प्रामाणिक उपाय आहे. यात श्रम थोडे आहेत आणि मराठी वाचकाला आपल्या भाषेतला शब्द टाकून आपल्या पानावर पोहोचता येते.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये पत्ते न बदलण्याचा आग्रह धरला, तो ॲड-ऑनच्या बाबतीत सुरक्षिततेशीही जोडला जातो. बंद पडलेल्या ॲड-ऑनचा स्लग दुसऱ्या कुणाला दिला, तर जुन्या लेखांतले आणि पुस्तकांतले सर्व दुवे एका अनोळखी निर्मात्याच्या स्वाधीन होतात, आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. वर्डप्रेसच्या संग्रहात बंद केलेल्या प्लगिनचे पान जागच्या जागी राहते; डाउनलोडची सोय काढून घेतलेली असते आणि प्लगिन कोणत्या तारखेपासून बंद आहे, याची सूचना तेथे असते.