आत जीव आहे

वाचकहो, दूरगावी नांदणाऱ्या लेकीच्या घरी आपण वर्षातून किती वस्तू पाठवीत असतो, याचा हिशेब आपण कधी केला आहे काय? लोणच्याची बरणी, दिवाळीचा फराळ, नातवंडांचे कपडे, एखादे विसरून राहिलेले पुस्तक. या सर्व वस्तूंच्या अंगी एक मोठा गुण असतो. त्या वाट पाहू शकतात. बरणी कोठल्याशा गोदामात चार दिवस पडून राहिली, तरी लोणचे त्या अवधीत मुरतच असते. त्यामुळे पार्सल कोणाच्या हाती द्यावे, या प्रश्नाचा आपण फारसा विचार करीत नाही. घराजवळचे दुकान आणि कमी दर, एवढे आपल्याला पुरते. मलाही पुरत असे. परंतु ज्याला वाट पाहता येत नाही असे काही पाठविण्याचा प्रसंग माझ्यावर आला आणि तो मी पुरता बिघडविला. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे, असे मला वाटते.

मी नागपूरला राहतो. सेवानिवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून बैठकीच्या खोलीत मी एक काचेची पेटी मांडली आणि तीत एंजेल जातीचे मासे पाळले. चपटे, उंच पंखांचे, संथपणे तरंगणारे हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील. त्यांची जोडी जमली की मादी एखाद्या रुंद पानावर किंवा उभ्या पाटीवर अंडी घालते आणि नरमादी दोघेही आळीपाळीने पंखांनी त्यांना पाण्याचा वारा घालीत राहतात. माझी नऊ वर्षांची नात तेव्हा शेजारच्याच गल्लीत राहत होती. शाळेतून येताच ती प्रथम पेटीपाशी जाई. पिले पोहू लागल्यावर त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर पाण्यात कालवून भरविण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले होते. पुष्कळ पिले गेली. सहा जगली. ती सहाही तिचीच, असे आमच्या घरात ठरून गेले.

एप्रिलमध्ये जावईबापूंची इंदूरला बदली झाली. सामानाच्या धांदलीत मासे नेणे शक्य नव्हते. "घर लागले की पाठवतो हं," असे मी नातीला सांगितले. घर लागले, पेटी आली, तीत पाणी भरून झाले. मग रोज सायंकाळी दूरध्वनीवर एकच प्रश्न येऊ लागला, "आजोबा, मासे केव्हा पाठवताय?"

मे महिना लागला होता. नागपूरचा मे कसा असतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगणे नको. थोडे थांबणे शहाणपणाचे झाले असते. परंतु नातवंडांच्या हट्टापुढे शहाणपण टिकत नाही. मी दोन-तीन पार्सल कचेऱ्यांत चौकशी केली. एका ठिकाणी, जिवंत प्राणी आम्ही घेत नाही, असे स्पष्ट सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणचे गृहस्थ अधिक मनमिळाऊ होते. ते म्हणाले, "काका, मासे आहेत असे लिहूच नका. 'काचेची वस्तू' लिहा. म्हणजे आपटणारही नाही आणि विचारणारही कोणी नाही." त्यांचा दरही सर्वांत कमी होता. मी त्यांच्यासमोर बसून माझ्या हाताने खोक्यावर लिहिले, 'काचेची वस्तू, सांभाळून हाताळा'. तो शनिवार होता.

रविवारी सुट्टी. सोमवारी खोके वाटेतल्या एका गोदामात उतरले आणि तेथेच राहिले. मी दूरध्वनी करीत होतो. प्रत्येक वेळी उत्तर मिळत होते, "माल वाटेत आहे." खोके मंगळवारी दुपारी पोहोचले. लेक कामावर गेलेली होती. नातीने शेजारणीच्या मदतीने ते उघडले.

सायंकाळी तिचा दूरध्वनी आला. ती रडत नव्हती. तिने विचारले, "आजोबा, तुम्ही खोक्यावर 'मासे' असे का लिहिले नाही? त्यांना कसे कळणार आत कोण आहे ते?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या कचेरीला दोष देणे सोपे होते आणि काही दिवस मी तो दिलाही. पण त्यांच्या दृष्टीने त्यांनी एक काचेची वस्तू न फोडता पोहोचविली होती. आत जीव आहे हे जाणणारा त्या साखळीत एकच मनुष्य होता, तो म्हणजे मी. आणि मीच ते झाकले होते. १९६० साली आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात 'प्राणी' या शब्दाची व्याख्या मनुष्याखेरीज कोणताही जिवंत जीव, अशी केलेली आहे. बोटाएवढा मासाही तीत बसतो. हे मला पुढे वाचून कळले. माझ्या नातीला ते न वाचताच ठाऊक होते.

त्यानंतर मी विषयाचा थोडा अभ्यास केला. बंद पिशवीतील माशाचे नेमके काय होते? पाणी जितके तापते, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. उलटपक्षी, उष्णता वाढली की माशाचा श्वास वाढतो. म्हणजे पुरवठा घटतो आणि मागणी चढते. शिवाय मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकीत असतो, आणि तो त्याच थोड्या पाण्यात साठत राहतो. म्हणून प्रश्न किलोमीटरांचा नसतो. तो तासांचा आणि उन्हाचा असतो.

आपल्या देशात ही विद्या जुनी आहे. बंगालमध्ये रोहू-कटल्याचे बीज, म्हणजे नुकती जन्मलेली पिले, मातीच्या हंड्यांत भरून आगगाडीने दूरदूर नेली जात. हंडीबरोबर माणूस असे आणि तो प्रवासभर हाताने पाणी हलवीत राही, जेणेकरून हवा पाण्यात मिसळावी. पुढे प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, आणि पिलांना एकट्याने प्रवास करणे शक्य झाले. सोय मोठी झाली, यात शंका नाही. परंतु हंडीपाशी जागणारा तो माणूस मात्र गेला. आज पार्सलसेवा निवडताना आपल्याला त्याच्याच जागी कोणीतरी शोधायचे असते, असे मला वाटू लागले.

या दृष्टीने मी पुन्हा चौकशीला निघालो. या वेळी दर शेवटी विचारला. पहिला प्रश्न असा, की आपण जिवंत मासे उघडपणे स्वीकारता काय? नाही म्हणणाऱ्याचे मी मनापासून आभार मानले. दुसरा प्रश्न, खोके वाटेत किती वेळा उतरून पुन्हा चढेल? तिसरा, गाडी किती वाजता सुटून किती वाजता पोहोचते, आणि मध्ये सुट्टीचा दिवस येतो काय? चौथा, खोके गाडीत नेमके कोठे ठेवाल? पाचवा, खोळंबा झाला तर मी कोणाला दूरध्वनी करावा? या पाच प्रश्नांची सरळ उत्तरे जेथे मिळाली नाहीत, तेथून मी उठलो.

मार्ग तीन-चार आहेत आणि प्रत्येकाचा गुण वेगळा. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातून किंवा चेन्नईच्या कोळत्तूरमधून मासे मागवावयाचे झाल्यास विमान जलद खरे. जिवंत प्राण्यांच्या हवाई वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियमही ठरलेले आहेत, आणि खोक्यावर आत काय आहे ते स्पष्ट लिहावेच लागते. परंतु विमानतळावर आधी काही तास आणि उतरल्यावर काही तास जातात, तेही हिशेबात धरावे. रेल्वेचे पार्सल लांबच्या पल्ल्याला चांगले, मात्र गाडी थेट असावी आणि स्थानकावर घेणारा माणूस वेळेवर उभा असावा. घरपोच देणाऱ्या कचेऱ्या पुष्कळ. पण त्यांचा माल बहुधा गोदामागोदामातून जातो. नागपूर-इंदूर हे अंतर सुमारे पाचशे किलोमीटरांचे. एवढ्या अंतराला रात्री निघून सकाळी पोहोचणारी थेट बस मला सर्वांत योग्य वाटली. जिच्या कचेरीत रीतसर पावती देतात आणि खोक्यात मासे आहेत हे ऐकून ज्यांनी नाक मुरडले नाही, अशी एक सेवा मिळाली. तेथील मुनीम स्वतःच म्हणाला, "काका, मागच्या कप्प्यात नको. इंजिनाची आच लागते. क्लीनरच्या पायाशी ठेवू." तिचा दर पहिल्या कचेरीच्या तिप्पट होता. मी तो दिला.

पण मी लगेच पाठविले नाही. पावसाळ्यात त्या जोडीने पुन्हा अंडी घातली, पिले वाढली. तरी मी थांबलो. डिसेंबरची रात्र या उष्ण प्रदेशातील माशांना मानवत नाही, म्हणून तीही टाळली. फेब्रुवारीचा उत्तरार्ध, ना थंडी ना ऊन, असा मुहूर्त धरला. वार निवडला मंगळवार.

आपल्यापैकी कोणाला हे काम करावयाचे असेल, तर तयारीचा क्रम सांगून ठेवतो. प्रवासापूर्वी एक दिवस माशांना खाऊ घालू नये, म्हणजे पाणी कमी घाण होते. मासे विकणाऱ्याकडे प्राणवायूची टाकी असते. त्याच्याकडून पिशव्या भरून घ्याव्यात. एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू. पिशवी दुहेरी असावी आणि तिचे खालचे कोपरे दुमडून बांधावेत, नाहीतर लहान मासा कोपऱ्यात अडकून गुदमरतो. एंजेल मासे एकमेकांना डिवचतात, म्हणून प्रत्येकाला निराळी पिशवी. सर्व पिशव्या थर्माकोलच्या पेटीत, मधली जागा वर्तमानपत्राने भरलेली. अंधारात मासा शांत राहतो.

घेणाऱ्यानेही घाई करू नये. खोलीतला दिवा मंद ठेवून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगू द्यावी, म्हणजे दोन्हींचे तापमान एक होते. मात्र पिशवी एकदा उघडली की विलंब नको. माशाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतले पाणी आम्ल झालेले असते आणि त्यामुळे अमोनियाचा जोर दबलेला असतो. पिशवी उघडताच तो वायू उडून जातो आणि विष जागे होते. म्हणून मासे जाळीने उचलून पेटीत सोडावेत आणि प्रवासाचे पाणी फेकून द्यावे. हे सारे मी कागदावर लिहून आठ दिवस आधी नातीला टपालाने पाठविले.

तिचे उत्तर उलट टपाली आले. पाकिटात एक जाड कागद होता. त्यावर तिने रंगीत खडूने एक मासा काढला होता आणि खाली मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिले होते, 'आत मासे आहेत. ते जिवंत आहेत. हळू.' त्याखाली तेच हिंदीत होते, कारण गाडीवरची माणसे मराठी वाचणारी असतीलच असे नाही, असा तिचा विचार. मी तो कागद पेटीच्या झाकणावर चारी बाजूंनी चिकटविला.

बसच्या कचेरीत दोघातिघांनी तो वाचला. एका हमालाने पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि क्लीनरला हाक मारून सांगितले, "सांभाळ रे, आत जीव आहे." गाडी सुटेपर्यंत मी तेथेच उभा होतो.

सकाळी जावईबापू गाडी येण्यापूर्वीच थांब्यावर जाऊन उभे राहिले होते. पाच मासे पाठविले होते. चार उत्तम स्थितीत पोहोचले. पाचवा मलूल होता आणि दुसऱ्या दिवशी गेला. नातीने हे मला स्वतः सांगितले, काही न लपविता. मग म्हणाली, "पण आजोबा, या वेळी सगळ्यांना माहीत होते."

वाचकहो, मासे काय किंवा रोपे काय, दूर पाठविण्याचा प्रसंग आपल्यावरही येईल. तेव्हा दर अवश्य पाहावा, वेळही पाहावी. परंतु त्याआधी आपण खोक्यावर खरे लिहू शकतो की नाही, हे पाहावे. ज्या ठिकाणी ते खरे स्वीकारले जात नाही, तेथे दर कितीही कमी असला तरी आपली वस्तू देऊ नये. आणि कोणीच स्वीकारीत नसेल, तर तो जीव आपल्याच घरी राहू द्यावा. नातवंडे थोडे दिवस रुसतील. पण हा रुसवा निघतो.